आत कोणी आहे का

माझे भावोजी शब्दाला महाग. ताईचं लग्न ठरलं तेव्हाच मी तिला विचारलं होतं, अगं, हा माणूस बोलतो तरी का? ती म्हणाली, बोलेल की, घाई काय आहे. घाई नव्हतीच. पुढे त्यांचा सगळा संसार झाला, दोन घरं बदलून झाली, मूल होत नाही म्हणून दवाखाने पालथे घालून झाले. भावोजींचं बोलणं मात्र 'हं', 'बरं' आणि 'बघतो' या तीन शब्दांच्या पुढे काही सरकलं नाही. मी त्यांना तोंडावर म्हणायचे, भावोजी, तुमच्यापेक्षा आमचा दरवाजा जास्त बोलतो, निदान कुरकुरतो तरी. त्यावर ते हसायचे. हसायलाही त्यांना आवाज लागत नसे.

ते लिफ्ट दुरुस्त करायचे. एका कंपनीच्या देखभाल विभागात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. खांद्याला अवजारांची पिशवी, नखांत कायमचं ग्रीस आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. कुठल्याही इमारतीत गेलं की 'देखभालीला आलोय' एवढं सांगायचं. लोक कुलपं उघडून देत, किल्ल्या हातात ठेवत, आणि कोणी कधी ओळखपत्र मागितलं नाही. ताई म्हणायची, या दोन शब्दांवर हे बँकेच्या तिजोरीतही जाऊन येतील.

एकदा माझ्या ऑफिसात लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक बाई होती आणि ती रडत होती. दुरुस्तीला आले ते नेमके भावोजी. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशवी खाली ठेवली, दाराच्या फटीला तोंड लावलं आणि म्हणाले, "आत कोणी आहे का? मी लिफ्टवाला. मी बाहेरच उभा आहे, आता कुठे जात नाही." आणि मग हा माणूस बोलायला लागला. कुठे राहता, घरी कोण कोण आहे, मुलगी कितवीत आहे, तिला गणित आवडतं का, मला तर कधी जमलं नाही. हात काम करत होते आणि तोंड क्षणभरही बंद नव्हतं. बाई बाहेर आली तेव्हा चक्क हसत होती. मी तिथे खांबासारखी उभी. हे माझे भावोजी?

नंतर मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की ही कामाची रीतच आहे. लिफ्ट अडकली की हत्याराला हात लावायच्या आधी आवाज द्यायचा. रिकामी वाटली तरी द्यायचा. आतल्या माणसाला लिफ्ट पडेल याची जेवढी भीती वाटते, त्याहून जास्त भीती आपण इथे आहोत हे कोणाला माहीत नाही याची वाटते. माझ्याशी ते बोलले त्यातलं हे सगळ्यात लांब वाक्य. त्या संध्याकाळी मी ताईला सगळी गोष्ट रंगवून सांगितली. ती खूप हसली. मग म्हणाली, गणिताबद्दल मला कधी बोलले नाहीत.

ताई पाणीपट्टीच्या कचेरीत कारकून होती. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून तिने मुदतीआधीच नोकरी सोडली आणि घरी बसून ब्लॉग लिहायला लागली. ती दोघं चौथ्या मजल्यावर राहायची म्हणून त्याचं नाव 'चौथा मजला'. खालच्या रस्त्यावर कॉम्प्युटरचं दुकान चालवणारी एक बाई आहे, तिने सगळं मांडून दिलं. ताई लिहायची ती खिडकीतून दिसणाऱ्या गोष्टींवर. समोरच्या गच्चीवर एकाच पायाचे मोजे वाळत घालणारा म्हातारा, पार्सलवाल्यांची वेगवेगळी बेल वाजवायची पद्धत, आपलंच मूल शाळेत सोडून आल्यावर जिन्यात बसून डोळे पुसणारा बाप. वाचणारे फार नव्हते, पण होते ते नेमाने प्रतिक्रिया लिहायचे, आणि ताई प्रत्येकाला उत्तर द्यायची. कोणी नुसतं 'छान' लिहिलं तरी तिचं चार ओळींचं उत्तर जायचं. दारात आलेल्याला उभ्यानेच परत पाठवू नये, असं तिचं म्हणणं. लेख टाकला की लगेच मला फोन, वाचलास का? मी प्रत्येक लेख वाचला. भावोजींनी एकही वाचला नाही. ती म्हणायची, वाचा हो कधीतरी. ते म्हणायचे, तू समोर असताना वाचायचं कशाला?

मग ती समोर राहिली नाही. हृदयाचं दुखणं होतं, दवाखान्यात नेलं आणि तिथेच संपलं. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. मला अजून ते नीट सांगता येत नाही.

ती गेल्यावर भावोजींनी ब्लॉग वाचायला घेतला. पहिल्या लेखापासून, आणि दर रविवारी एकच. मी म्हटलं, एका बैठकीत वाचून काढाल. ते म्हणाले, "मग पुढच्या रविवारी ती काय बोलेल?" दुकानवालीनेही त्यांना सांगून पाहिलं की काका, सगळ्याची एक प्रत काढून ठेवू या, इंटरनेटचा भरवसा नाही. ते नको म्हणाले. प्रत हातात आली तर आपल्याच्याने धीर धरवणार नाही, अशी त्यांना भीती होती. भुकेल्या माणसाने डबा दुसऱ्याच्या ताब्यात ठेवावा तसा तो प्रकार होता.

त्यात घरातलं इंटरनेट म्हणजे एक जुलूमच होता. कधी रस्ता खणला की तार तुटायची, कधी वारा सुटला की, कधी नुसतीच. भावोजी तक्रारीच्या नंबरवर फोन लावायचे आणि तिथला रेकॉर्ड केलेला आवाज 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणाला की अदबीने 'हो, थांबतो' म्हणायचे. शेवटी त्यांनी आपला मार्ग काढला. गच्चीवर लिफ्टच्या मोटारीची खोली आहे, तिची किल्ली त्यांच्याचकडे, आणि तिथे मोबाइलला रेंज उत्तम. दर रविवारी सकाळी ते एक स्टूल घेऊन तिथे जाऊन बसत आणि मोबाइलवर ताईचा लेख वाचत. त्या खोलीतलं बोलणं लिफ्टच्या पोकळीतून थेट खाली ऐकू येतं, म्हणून ते तिथे खोकतानासुद्धा तोंडावर रुमाल धरत.

प्रतिक्रिया मात्र अजूनही येत होत्या. माणसांच्या कमी, यंत्रांच्या जास्त. हल्ली असे प्रोग्राम असतात की ते दिसेल त्या ब्लॉगवर जाऊन जाहिरात चिकटवून येतात, आणि वर मोडक्यातोडक्या मराठीत स्तुतीही करतात. भावोजींना ते कुठलं माहीत? ताईची रीत मोडायची नाही म्हणून ते एकेकाला उत्तर देत बसले. एकाने लिहिलं होतं, 'आपला लेख अत्यंत उपयुक्त आहे, स्वस्त औषधांसाठी इथे दाबा.' त्याला उत्तर, 'नमस्कार. लेख माझ्या पत्नीचा आहे. ती आता नाही. आपण आवर्जून लिहिलंत, आभारी आहे. औषधं आम्ही कोपऱ्यावरून घेतो.' केस वाढवण्याच्या तेलवाल्याला, 'उशीर केलात.' पत्त्यांच्या जुगारवाल्याला, 'मला खेळाचा नाद नाही, पण आपल्याला यश येवो.' मी हे वाचलं आणि कपाळाला हात लावला. हसूही येत होतं. ताई असती तर तिने यावरच एक लेख लिहिला असता.

"भावोजी, ही माणसं नाहीत," मी म्हटलं. "पलीकडे कोणी नाही. यंत्र आहे."

"असेल," ते म्हणाले. "पण आवाज दिल्याशिवाय कसं कळणार?"

दुकानवालीने मला बाजूला घेऊन सांगितलं की याने होतंय काय, की या घरात माणूस आहे आणि तो दार उघडतो, हे त्या लोकांना कळतंय. तिने फिल्टर का काय ते बसवून दिलं. भावोजी त्या फिल्टरमध्ये अडकलेल्या प्रतिक्रिया उघडून पाहायचे आणि त्यांनाही उत्तर द्यायचे. अडकलेलं म्हटल्यावर त्यांना राहवणार थोडंच!

असं बरेच महिने चाललं. एका रविवारी दुपारी माझा फोन वाजला. आपणहून फोन करणं त्यांच्या स्वभावात नाही, म्हणून मी घाबरूनच उचलला. ते म्हणाले, "पुढचा माझ्यावर आहे." प्रत्येक लेखाच्या खाली पुढच्या लेखाचं नाव दिसायचं, आणि त्या दिवशी तिथे नाव होतं, 'अहो'. ताईने आयुष्यभर त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली नव्हती. मी म्हटलं, मग वाचा की आत्ताच. ते म्हणाले, नाही, रविवारी. मग विचारलं, "बरं लिहिलंय का गं?"

मला तो लेख आठवत होता. छान होता, मिस्कील होता, आणि त्यात एक वाक्य होतं. ते वाचून मी तेव्हा ताईला फोन केला होता की हे काढून टाक, भावोजींना लागेल. ती म्हणाली होती, राहू दे. वाचलंच तर निदान बोलतील तरी. मी भावोजींना म्हटलं, तुम्हीच वाचा आणि मला सांगा. तो आठवडा त्यांनी कसा काढला त्यांनाच ठाऊक. दाढी करून, धुतलेला शर्ट घालून ते रविवारी वर गेले, हे मला त्यांच्या शेजारणीने नंतर सांगितलं.

लेख उघडला नाही. नुसतं पांढरं पान, आणि मध्ये गोल गोल फिरणारं चक्र. त्यांनी मोबाइल बंद करून पाहिला, गच्चीच्या चारही कोपऱ्यांत जाऊन पाहिलं, घरी येऊन तारा काढून पुन्हा लावल्या. दुकान रविवारी बंद. खरा प्रकार वेगळाच होता, तो दुकानवालीने नंतर समजावला. कोणीतरी त्या साइटवर हजारो खोटे पाहुणे एकदम सोडले होते. त्या गर्दीत खऱ्या माणसाला आत शिरताच येत नव्हतं. भावोजी म्हणाले, म्हणजे क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढली की लिफ्ट जागची हलत नाही, तसं. ती म्हणाली, अगदी तसंच काका.

पण हे नंतरचं. त्या रविवारी ते दुपारभर मोबाइल हातात धरून बसले होते, आणि तेव्हा एक मेल आला. 'देखभाल विभागाकडून. आपल्या साइटवर बिघाड आढळला आहे. दुरुस्तीसाठी आम्हाला प्रवेश द्यावा.' दुसरा कोणी असता तर कदाचित दोनदा विचार करता. हा माणूस जन्मभर स्वतः देखभाल विभागातला. 'देखभालीला आलोय' म्हटलं की लोकांनी त्याच्या हातात किल्ल्या ठेवल्या होत्या, आणि त्याने कधी कोणाची सुईसुद्धा इकडची तिकडे केली नव्हती. त्याने पासवर्ड पाठवून दिला. खाली लिहिलं, 'कृपया काळजीपूर्वक काम करावे. आत माझ्या पत्नीचं लिखाण आहे.'

सोमवारी 'चौथा मजला' उघडला तेव्हा तिथे जुगाराचं दुकान होतं. लाल-पिवळे दिवे लुकलुकत होते.

मला कळलं बुधवारी. मी सुट्टी टाकून धावत गेले. भावोजी कॉम्प्युटरच्या दुकानात स्टुलावर बसले होते, हात मांड्यांवर, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. दुकानवाली दोन दिवस त्या साइटमागे लागली होती. ताईचा एकेक लेख पुसून टाकलेला होता. ज्या कंपनीकडे साइट होती ती बॅकअप ठेवायची, पण ती पेटीही त्याच पासवर्डने उघडणारी, म्हणून तीही रिकामी. ताईच्या जुन्या कॉम्प्युटरवर काही मिळतं का पाहिलं, पण ती थेट साइटवरच लिहायची. इंटरनेटवर कुठेतरी जुन्या पानांच्या छाया राहतात म्हणे, तिथे शोधलं. 'चौथा मजला'चं पहिलं पान तेवढं सापडलं. त्यावर लेखांची नावं होती आणि नावांच्या मागे काहीच नव्हतं. भावोजींनी 'अहो'वर बोट ठेवलं. दुकानवालीने ते दाबून दाखवलं. पान सापडत नाही, असं आलं.

मी विचारलं, कोणी केलं हे? ताईशी कोणाचं काय वैर होतं? ती म्हणाली, वैर नाही हो मावशी, ही यंत्रं सगळीच दारं ढकलून बघतात, जे उघडतं त्यात शिरतात. त्यांना आत काय होतं हे माहीतही नसेल. मला इतका संताप आला की मी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले. चोराने चोरून नेलं असतं तर कुठेतरी आहे एवढं तरी म्हणता आलं असतं. शिव्या द्यायलाही समोर तोंड नव्हतं. माझी बहीण दुसऱ्यांदा गेली होती.

त्या दिवशी भावोजींना वर घेऊन गेले. चहा केला. त्यांनी कप हातात धरला आणि पिता पिता थांबले. मग म्हणाले, "धाकटे, तू वाचला होतास ना तो? सांग."

मी सांगायला लागले. आधी सोपं सोपं. तुमच्या किल्ल्यांच्या आवाजाबद्दल होतं, तुम्ही जिन्यात आलात हे तिला त्यावरून कसं कळायचं ते. तुम्ही घरातला प्रत्येक स्क्रू घट्ट करता पण लोणच्याच्या बरणीचं झाकण सैलच ठेवता, ते होतं. मग आठवेना. माणूस असताना त्याचं बोलणं पाठ कोण करतं? मी आपलं पुढे जोडत गेले. तुम्ही किती कष्टाळू, किती सज्जन, तिला तुमचा किती आधार. भावोजी मान खाली घालून ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "हे तुझं झालं. तिचं सांग."

तिचं एकच वाक्य मला शब्दन्‌शब्द पाठ होतं. तेवढंच. बाकी सगळं लिखाण जगातून पुसलं गेलं होतं आणि नेमकं ते वाक्य माझ्या डोक्यात जसंच्या तसं उरलं होतं. मी म्हटलं, नको भावोजी. ते म्हणाले, "तिचं आहे ना? मग दे."

मी सांगितलं. "हे अडकलेल्या परक्या माणसांशी तास तास बोलतात. कधी कधी मला वाटतं, आपणही एकदा जाऊन लिफ्टमध्ये अडकून बसावं."

भावोजींनी कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, मग ताईच्या खिडकीतल्या खुर्चीकडे. "आवाज द्यायचा राहिला," ते म्हणाले. आणि मग तो माणूस रडला. त्यालाही आवाज नव्हता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले आणि मला स्वतःचाच राग येत होता, ताईचाही येत होता, आणि भावोजींचा येत नव्हता.

दुकानवालीने जुगारवाल्यांना हुसकून लावून साइट परत मिळवली. पण ती रिकामी. भावोजी म्हणाले, राहू दे तशीच. पुढे मी त्यांना रविवारी जेवायला बोलावलं तर म्हणाले, रविवारी काम असतं. मी म्हटलं, आता कसलं काम? त्यावर उत्तर आलं, 'बघतो'. मला वाटलं, तोंडाला जुनं कुलूप पुन्हा लागलं.

मग मीच एका रविवारी सकाळी गेले. तळमजल्यावर शेजारीण भेटली. ती म्हणाली, हल्ली रविवारी लिफ्टमध्ये बोलणं ऐकू येतं, मुलं घाबरतात, तुम्ही जरा त्यांना सांगता का? मी लिफ्टमध्ये शिरले. दार लागलं, लिफ्ट वर निघाली, आणि वरच्या मोटारीच्या खोलीतून आवाज यायला लागला. माझ्या ऑफिसात अडकलेल्या त्या बाईशी बोलले होते तोच आवाज. सावकाश, न थांबता.

"ऐकू येतंय ना? मी इथेच आहे, कुठे जात नाही. तुझी ती कुंडी आत घेतली, ऊन फार लागत होतं तिला. समोरच्या म्हाताऱ्याने आज दोन्ही मोजे वाळत घातलेत, तुला सांगायचं होतं. आणि मला गणित कधी जमलं नाही, बरं का. हे मी तुला बोललो नव्हतो. शाळेत असताना ना..."

लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली. दार उघडलं. मी उतरले नाही. खाली जायचं बटण दाबलं, तरी तळमजल्यापर्यंत त्यांचं बोलणं येत होतं.